तीनशे बारा पानांचं खानदान

ऑफिसात काकांच्या टेबलाकडे निघालेला माणूस आधी घोटभर पाणी पिऊन घ्यायचा. काका रागीट होते अशातला भाग नाही, उभ्या आयुष्यात ते कुणावर ओरडले नसतील. पण ते प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत चष्म्यावरून बघत बसायचे, आणि त्या बघण्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची.

"काका, एक नवीन पान टाकायचं होतं. व्यायामाचं."

"खानदान सांग."

"रुग्णाच्या आत येईल."

"रुग्ण कुणाच्या आत?"

"दवाखान्याच्या."

"आणि मधली भेट कुठे गेली? व्यायाम डॉक्टरांनी भेटीत सांगितला ना? का रुग्णाला रस्त्यात सापडला?"

समोरचा मान खाली घालून जागेवर जायचा आणि दहा मिनिटांनी परत येऊन पाढा म्हटल्यासारखं म्हणायचा, "दवाखाना, त्यातला रुग्ण, त्या रुग्णाची भेट, त्या भेटीतला व्यायाम." मग काका मान हलवायचे आणि शेवटचा प्रश्न टाकायचे, "बापाच्या घरात पोराला जागा ठेवली का?" ठेवलेली असली तरच त्या पानाचा जन्म व्हायचा. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, आपण नोकरीला आलोय की स्थळ घेऊन आलोय?

हे अकरा माणसांचं ऑफिस गुडघे, कंबर आणि मान दुखणाऱ्यांच्या दवाखान्यांसाठी एक वेबसाईट चालवायचं. आता वेबसाईटवर दिसतं एक पान, पण ते एक नसतं. डाव्या हाताला रुग्णांची यादी असते. नावावर बोट ठेवलं की उजवीकडे तो रुग्ण उघडतो, रुग्णाच्या पोटात त्याच्या भेटी, भेटीच्या पोटात त्या दिवशीचे व्यायाम. पानात पान, त्यात आणखी पान. यातल्या प्रत्येकाला धंद्यातले लोक स्टेट म्हणतात आणि कोणत्या पत्त्यावर कोणतं स्टेट कुणाच्या आत उघडायचं, हे ठरवण्याला राऊटिंग. काकांनी या इंग्रजी शब्दांना कधी दारात उभं केलं नाही. त्यांच्याकडे बाप होते, पोरं होती, भावंडं होती, आणि काही नुसते नावाचे बाप होते, म्हणजे ज्यांच्याकडे थेट मुक्कामाला जाता येत नाही, त्यांच्यातून पुढे पोराकडेच जावं लागतं. रुग्णाची माहिती बापाने एकदा आणली की सगळ्या पोरांना ती आयती मिळते. बापानेच आणली नसेल तर पोराच्या नावाने बोटं मोडून उपयोग नाही. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" हे वाक्य काका दिवसातून दोनदा तरी म्हणायचे.

अशी तीनशे बारा पानं होती. सगळी एका फाईलमध्ये, आणि ती फाईल काकांची. पाठीमागच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने काढलेला मोठा नकाशा होता, चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन. तरुणपणी काका घरांचे नकाशे काढायचे. हाताने काढलेल्या नकाशाला गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षी, अर्धे केस पांढरे झाल्यावर, ते प्रोग्रामिंग शिकले. पण घर बघायची नजर गेली नाही. खोलीत शिरायचं तर दिवाणखान्यातून शिरायचं, खिडकीतून उडी मारून नाही, हा त्यांचा सगळा सिद्धांत. त्याला जगात याहून भारी नावं असतील, काकांना त्यांचं सोयरसुतक नव्हतं.

आता काकांच्या स्वतःच्या घराबद्दल सांगायचं, तर तिथे घोडं पेंड खात होतं.

काकू चार तासांच्या अंतरावरच्या गावात सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढायच्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांची तिकडे बदली झाली. काका म्हणाले, तू हो पुढे, मी सहा महिन्यांत येतो. मुलगा शिकून लांब नोकरीला गेला, तरी काकांचे सहा महिने काही संपेनात. दर शुक्रवारी बस पकडायची, सोमवारी पहाटेच्या बसने परत यायचं. एकदा "नवीन काम नुकतंच सुरू झालंय" म्हणून जाणं पुढे ढकललं, एकदा "माणूस सोडून गेला" म्हणून, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते काकूंनाही आठवत नव्हतं. तिन्ही वेळा खरं कारण एकच होतं. फाईल काकांच्या डोक्यात होती आणि डोकं बसमध्ये घालून पाठवता येत नव्हतं.

यंदा काकूंनी भांडण केलं नाही. भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाल्या, "अहो, या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सामान घेऊन या. नाहीतर मग यायचं म्हणून बोलूच नका. शुक्रवारी पाहुण्यासारखे येता तसे येत राहा. माझं काही म्हणणं नाही."

काका बसमध्ये चारही तास हे "माझं काही म्हणणं नाही" चघळत राहिले. तीस वर्षांच्या संसारात काकूंचं काही म्हणणं नाही, असं प्रथमच घडत होतं, आणि त्यांना त्याची चांगलीच धडकी भरली. सोमवारी साडेदहाला ते साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाले, "महिनाअखेरीला मी जातोय."

साहेब उडालेच. पण ते व्यवहारी होते. एकाच फाईलमध्ये दोघंतिघं हात घालत असल्यामुळे रोज दुपारी कुणीतरी कुणाचं तरी काम पुसलेलं असायचं. शिवाय ज्या दवाखान्याला फक्त वेळ ठरवण्याची पानं हवीत त्यालाही सगळीच्या सगळी उघडेपर्यंत ताटकळत बसावं लागे. साहेब म्हणाले, "जाताना एवढं करा. फाईल फोडा. प्रत्येक मॉड्यूलची, म्हणजे कामाच्या प्रत्येक विभागाची, पानं त्याची त्याच्याकडे राहू देत. आणि चिमणीला सोबत घ्या."

चिमणी म्हणजे ऑफिसातली दुसऱ्या नंबरची प्रोग्रामर. चौतीस वर्षांची, जुळ्या मुलींची आई, बोलायला लागली की थांबायची नाही म्हणून हे नाव. काकांवर तिचा जीव होता आणि त्यांना तोंडावर उत्तर देण्याची हिंमतही फक्त तिच्यात होती.

पहिला आठवडा काका फुगून बसले. नऊ वर्षं एका छताखाली नांदलेल्या पानांच्या वाटण्या करायच्या म्हणजे काय! त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवून टेबलावर पसरला, रंगीत पेन्सिलींनी त्याचे सहा भाग केले आणि प्रत्येक रेघ ओढताना सुस्कारा सोडला.

"काका, तुम्ही असे सुस्कारे सोडलेत तर मला वाटतं की मीच तुमचं घर फोडतेय," चिमणी म्हणाली.

"तूच फोडतेयस."

"बरं. मग निदान पेन्सिल नीट धरा."

वाटणी सोपी नव्हती. पहिलीच भानगड नावांची निघाली. सहा मॉड्यूल वेगळे केले तर सहाही जणांनी आपल्या पहिल्या पानाचं नाव 'यादी' ठेवलेलं. एकत्र आले की एकमेकांच्या उरावर. काकांनी ठरवलं, प्रत्येकाने मॉड्यूलचं नाव आडनावासारखं पुढे लावायचं. दुसरी भानगड अशी की वेबसाईट उघडताना कोणता मॉड्यूल आधी येईल याचा नेम नसतो. भेटीचा मॉड्यूल आधी पोचला आणि रुग्णाचा अजून वाटेत असला, तर पोर बापाच्या आधी दारात हजर! चिमणीने शोधून काढलं की वापरात असलेलं राऊटर, म्हणजे राऊटिंग सांभाळणारं सॉफ्टवेअर, शहाणं होतं. ते पोराला पायरीवर बसवून ठेवायचं आणि बाप आला की आत घ्यायचं. हे कळल्यावर काका इतके खूश झाले की त्यांनी अर्ध्या ऑफिसला उठवून ते समजावलं. मग मात्र त्यांना गोडी लागली. सकाळी खानदानाची एक फांदी घ्यायची, तिच्या मॉड्यूलमध्ये नेऊन लावायची, पत्ता टाकून उघडते का बघायचं, आणि नकाशावर त्या चौकोनात बरोबरची खूण करायची. चिमणी टाईप करायची, काका मागे हात बांधून उभे राहून सांगायचे. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तीनशे बाराच्या तीनशे बारा खुणा झाल्या.

मग बुधवारी सकाळी चिमणीने कुणालाही न विचारता एक गोष्ट केली. काकांची जुनी फाईल तिने आपल्या कॉम्प्युटरवरून पूर्ण काढून टाकली आणि वेबसाईट सुरू केली.

पांढरं पान.

तिने रुग्णांचा पत्ता टाकला. वर पत्ता बदलला, खाली पांढरं. भेटींचा टाकला, व्यायामांचा टाकला. सहाच्या सहा मॉड्यूल जागच्या जागी होते आणि एकही पान उघडत नव्हतं. चिमणी तासभर शोधत होती. शेवटी सापडलं ते एवढंसं. सहाही मॉड्यूलच्या सगळ्यांत वरच्या पानाने आपला बाप म्हणून एकच नाव लावलं होतं, 'उंबरठा'. आलेला माणूस कोण, कोणत्या दवाखान्याचा, हे विचारून मगच आत सोडणारं स्टेट. हा उंबरठा कोणत्याच मॉड्यूलमध्ये नव्हता, तो फक्त काकांच्या फाईलमध्ये होता. नकाशावरही तो काढलेला नव्हता. तीनशे बारा पोरं पायरीवर बसून होती, आणि ज्याची वाट बघायची तो येणारच नव्हता.

चिमणी खुर्ची ओढून काकांच्या समोर जाऊन बसली.

"काका, उंबरठा कुठेय?"

"फाईलमध्ये आहे की."

"फाईल जाणार आहे."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "राहिला वाटतं. विसरलो."

"तुम्ही? तुम्ही विसरलात? काका, तुम्हाला माझ्या मुलींच्या जन्मतारखा माझ्याआधी आठवतात."

"वय झालं आता."

"मुद्दाम ठेवलात ना?"

खरं सांगायचं तर त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. गेल्या तीन आठवड्यांत उंबरठ्याची आठवण त्यांना चारपाच वेळा झाली होती. प्रत्येक वेळी ते मनाशी म्हणाले होते, हा काय, उद्या करू. हातचा राखून ठेवायचा असं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, पण हातचा राहिला होता खरा. आणि चिमणीने पांढरं पान दाखवलं तेव्हा सगळ्यांत आधी त्यांना काय वाटलं असेल? बरं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं. हे काम अजून आपल्यावाचून होत नाही! मग लगेच त्याची लाज वाटली.

चिमणीचा आवाज खाली आला. "तुम्ही गेल्यावर मी रडणार आहे, काका. आधीच सांगून ठेवते. पण तुमच्याशिवाय अडावं म्हणून तुम्ही काहीतरी मागे ठेवून गेलात, तर मला राग येईल. आणि तिकडे काकू बसल्यात."

काका उठले आणि जिन्यात गेले. खिशातून फोन काढला. मनात वाक्य तयार होतं: अगं, एक मोठी अडचण निघालीय, दोनच आठवडे. अडचण खरीच निघाली होती, खोटं बोलायचीही गरज नव्हती.

"बोला," काकू म्हणाल्या, "पण पटकन. आत पेशंट आहे. थांबा जरा." मग फोनपासून लांब, दुसऱ्या कुणाला, "आजी, खांदे पुढे. हं. आता मोठा श्वास घ्या. धरून ठेवा."

जिन्यात उभ्या काकांनीही श्वास धरून ठेवला. का, ते विचारू नका. नऊ वर्षांत त्यांनी बायकोचा कामावरचा आवाज कधी ऐकला नव्हता. घरातल्यापेक्षा तो वेगळा होता, ठाम आणि माया असलेला, आणि त्या आजी तिकडे मुकाट्याने ऐकत असणार. कुठूनतरी घर्र झालं.

"झालं आजी, घ्या श्वास. हं, बोला, काय म्हणत होतात?"

काकांनी श्वास घेतला. "काही नाही. माझं नकाशे काढायचं जुनं टेबल आहे ना, ते आणू का शनिवारी? फार जागा खाईल."

"आणा," काकू म्हणाल्या. "खिडकीपाशी लावू."

काका परत आले तेव्हा चिमणी तिथेच बसलेली होती. "चल," ते म्हणाले, "उंबरठ्याला स्वतःचा मॉड्यूल काढू. छोटासा. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं, त्याने कुणाकडे बघायचं नाही."

दुपारपर्यंत ते झालं. पुन्हा फाईलशिवाय वेबसाईट सुरू केली. उंबरठा आला, पायरीवरची पोरं एकेक करून आत गेली. मग चिमणी म्हणाली, आता खरी फाईल पण पुसायची, सगळ्यांच्याकडची. काका म्हणाले, "ते मी करतो." बटण दाबायला त्यांना बराच वेळ लागला. चिमणी तेवढा वेळ, कधी नव्हे ते, एक शब्द बोलली नाही. मग काकांनी बटण दाबलं आणि पुन्हा भिंतीवर लावलेल्या नकाशाच्या टाचण्या काढायला लागले. त्यांना खूप वाईट वाटत होतं. ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही, आणि केला असता तरी जमला नसता.

शनिवारी टेबल, दोन पेट्या आणि काका गावात पोचले.

सोमवारी काकू सकाळी आठला कामावर गेल्या. साडेनवाला काका आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले आणि समोर फोन ठेवला. पहिला दिवस. कितीही म्हटलं तरी काहीतरी अडणारच. चिमणी हुशार आहे, पण शेवटी पोरच. दहा वाजले. साडेदहा वाजले. काकांनी फोनचा आवाज तपासला. अकराला त्यांनी काकूंना फोन करून सांगितलं की मला एक फोन कर.

"मीच तर बोलतेय ना तुमच्याशी?"

"तसं नाही. ठेव आणि मग कर. वाजतो का बघायचंय."

फोन व्यवस्थित वाजला.

जेवून झाल्यावर त्यांना राहवेना. चाचणीसाठी बनवलेला एक खोटा दवाखाना होता, तो त्यांनी आपल्या लॅपटॉपवर उघडला. न जाणो, तिकडे सगळं बंद पडलं असेल आणि बिचाऱ्यांना फोन करायचंही सुचत नसेल. ते एकेका पानातून फिरले. यादी उघडली, रुग्ण उघडला, भेट उघडली, सगळं जिथल्या तिथे. आणि मग रुग्णाच्या आत, भेटीच्या शेजारी, त्यांना एक पान दिसलं जे त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. 'घरभेट'. ज्यांना उठून येता येत नाही अशांच्या घरी जाऊन केलेल्या उपचाराचं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ते नव्हतं. म्हणजे आज सकाळीच केलेलं. काकांनी पत्ता वाचला. दवाखाना, रुग्ण, घरभेट. त्यांनी खोड काढायची म्हणून दहा वेळा शेजारच्या भेटीत जाऊन परत येऊन पाहिलं. बापाच्या घरात जागा नीट ठेवलेली, रुग्णाची माहिती बापाकडूनच घेतलेली, आडनाव लावलेलं. कुठेही नाव ठेवायला जागा नाही.

तीनशे तेरावं पान. त्याचं खानदान कुणीतरी कुणालातरी विचारलं असेल, पण त्यांना विचारलं नव्हतं.

चार वाजता काकू आल्या तेव्हा काका तसेच बसून होते, लॅपटॉप मिटलेला, फोन समोर. काकूंनी पर्स खुंटीला अडकवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"आला का फोन?"

"नाही."

"दिवसभरात एकही?"

"तुझा एक. आणि काम चांगलं चाललंय त्यांचं. फारच चांगलं चाललंय."

"वाईट वाटलं?"

काका आधी नाही म्हणणार होते. "खूप," ते म्हणाले. "वेड्यासारखा बघत बसलो होतो सकाळपासून. हा वाजेल, मग वाजेल."

काकू त्यांच्या समोर खुर्चीवर बसल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. "मी नऊ वर्षं बघत होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणायचात, आठला करतो. मी साडेसातपासून फोन जवळ घेऊन बसायचे. बाथरूममध्ये जाताना सुद्धा न्यायचे. तुमच्या त्या ऑफिसात आठ कधी वाजायचेच नाहीत."

एवढी पानं काकांनी जन्माला घातली होती, हे कुठल्याच पानावर कधी आलं नव्हतं. ते काकूंच्या हाताकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी फोन कपाटावर ठेवून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं पाणी ठेवलं.

"साखर कुठे असते गं?" त्यांनी आतून विचारलं.

नऊ वर्षं दर आठवड्याला त्या घरात येऊनही त्यांना ते माहीत नव्हतं.